गेली म्हणजे कुठे

पाय सुजून चपलेत मावेनात आणि जिन्यात मध्येच बसायची वेळ आली, तेव्हा शेजाऱ्यांनी मला उचलून दवाखान्यात नेऊन टाकलं. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. थकलंय हे मला माहीत होतं. किती थकलंय ते बघायला त्यांनी खोलीभर यंत्रं लावली.

मग वॉर्डच्या सिस्टर कागद घेऊन आल्या. त्यांची बोलण्याची पद्धत अशी, की आजार माझा पण त्यात त्यांची भागीदारी. आपल्याला दम लागतो का, आपल्याला लघवी साफ होते का. झोपताना किती उशा लागतात, असंही विचारलं. मी दोन म्हणालो. दुसरी कोणाची ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

"घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघं," मी म्हणालो.

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. पण मुलगा वेगळा राहायला लागल्यापासून या प्रश्नाला हेच उत्तर दिलेलं. जिभेला कोणी कळवलंच नव्हतं. मी चूक दुरुस्त करणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "छान, मग काळजी नाही," आणि लिहूनही मोकळ्या झाल्या. मी तोंड मिटलं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ बरे होऊनही पडून होते, कारण ते एकटे राहायचे आणि त्यांना न्यायला पुतणी अजून उगवली नव्हती. ते दिवसभर खोकायचे, म्हणून सगळे त्यांना खोकलेबुवा म्हणत.

मला घरी जायचं होतं. माझ्या घरी, मुलाकडे नाही. मुलगा-सून दोघंही चांगली आहेत, माझा पाहुण्यासारखा मान ठेवतात. पण पाहुण्याने पाणी हवं असलं तरी मागून घ्यायचं असतं, आणि मला माझ्या स्वयंपाकघरात जाऊन भांडं आपटायची सवय आहे.

दवाखान्यात माझी बडदास्त चांगली होती. सकाळी उठल्या उठल्या वजन. मग सिस्टर नडगीवर अंगठा दाबून धरायच्या. खड्डा पडला की म्हणायच्या, "अजून आहे हं," जणू सूज मी उशीखाली लपवून ठेवली होती. प्यायला पाणी मोजून, बाहेर पडलेलं पाणीही मोजून. इतका चोख हिशेब आमच्या सोसायटीने ठेवला असता तर गच्ची गळली नसती.

सूज उतरली तशी सिस्टर म्हणाल्या की उद्या सोडू. पण काकूंना बोलवा. मीठ, गोळ्या, वजन, सगळं त्यांना नीट समजावून द्यायचंय, पुरुषांना सांगून काही उपयोग नसतो. खोकलेबुवांनी मान डोलावली. त्यांना स्वतःचा अनुभव असावा.

मी म्हणालो, ती येणार नाही.

"का हो काका?"

"गेली."

"कुठे, गावाला?"

"लांब."

"मग फोन लावा की. मी बोलते त्यांच्याशी."

"तिकडे रेंज नाही."

"बरं, मग परत कधी येणार?"

इथवर मला मजा वाटत होती, हे मान्य करतो. पण त्या पेन उघडून उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. काहीतरी तारीख सांगावी लागणार होती, आणि मला एकही सुचेना. खोकलेबुवांचा खोकला नेमका तेव्हाच थांबला.

"सिस्टर, गेली म्हणजे वारली," मी म्हणालो. हा शब्द मी तोवर कोणापुढे उच्चारला नव्हता. सगळे 'गेली' म्हणत होते, म्हणून मीही म्हणत होतो.

सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या. कागदावर खाडाखोड केली. मग म्हणाल्या की आता मुलाला बोलवावं लागेल, एकट्याला असं सोडता येत नाही. मी म्हणालो, मला शिकवा.

"तुम्हाला?"

"पुरुष समजू नका. पेशंट समजा."

त्यांनी शिकवलं, आणि माझी अक्कल उघडी पडली. वजन मी जेवून, चपला घालून करायला निघालो होतो. पाकिटातल्या खाऊत मीठ असतं हे मला मान्यच नव्हतं, कारण मी ते टाकलेलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "हृदयाला ते कोणी टाकलं याची चौकशी नसते, काका."

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. त्याने घरची एक खोली रिकामी करून ठेवली होती, तेच दारातून सांगत आला. सिस्टरांनी त्याला उभं ठेवलं आणि माझी तोंडी परीक्षा घेतली. मीठ, पाणी, सकाळची गोळी. मी स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबून दाखवला. तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं तर काय करायचं, ते त्यांनी विचारलं.

"इथे यायचं," मी म्हणालो, "न लाजता."

"बाबा, पण एकटे कसे राहणार तुम्ही?"

"एकटाच राहतोय मी," मी म्हणालो. "आता नीट राहीन."

तो सिस्टरांकडे बघू लागला. त्या म्हणाल्या, रोज सकाळी वजन मुलाला कळवायचं. एक दिवस चुकलं, की खोली तयार आहेच.

मुलाने मला माझ्या घरी सोडलं आणि वाटेत वजनकाटा घेतला, मला आकडे दिसत नाहीत म्हणून बोलणारा. सकाळी त्यावर उभं राहिलं की बाईच्या आवाजात वजन सांगतो. घरात पुन्हा कोणीतरी बोलतं. विषय एकच आहे, पण सुरुवातीला संसारातही असंच असतं.