धसई नाक्यावरची वीस मिनिटे

मित्रांनो, ही हकीगत २०२३ सालच्या नोव्हेंबरातली. भाताची कापणी उरकली होती.

मी एक जुनी सहा आसनी रिक्षा आहे. सहा आसने ही कागदावरची. धसई ते मुरबाड रस्त्यावर मी नऊ-नऊ माणसे आणि वर भाजीच्या पाट्या वाहिल्या आहेत. माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतो तो दिवस, जेव्हा प्रशांतने मला दारात आणले आणि त्याची आई जानकीबाई हिने माझ्या तिन्ही चाकांवर पाणी घातले. तेव्हा माझे आरसे नवे होते. बाजाराला निघालेल्या बायका त्यांत बघून केस सारखे करीत.

प्रशांत दिवसा मला चालवी आणि रात्री मुरबाडच्या एका कारखान्यात पाळी करी. बारावी पास झालास तर कायम करू, असे तिथल्या साहेबांनी सांगितले होते. परीक्षा फेब्रुवारीत. रिक्षा, पाळी आणि अभ्यास यांना दिवस पुरेना. तेव्हा कारखान्यातल्या मुकेशने त्याला मोबाइलवर उपाय दाखवला. सलग झोपायचेच नाही; दर चार तासांनी फक्त वीस मिनिटे डोळा लावायचा.

“पंधरा दिवसांत अंगाला सवय व्हते,” प्रशांत घरी म्हणाला.

“झोप काय मेथीची जुडी हाय का रे, काडी काडी निवडून घ्यायला?” जानकीबाई म्हणाली.

त्याची बायको वंदना हिने माझ्या मागच्या सीटवर एक चादर घालून ठेवली.

पहिला आठवडा तो ताजातवाना दिसे. गाडी चालवताना धडे मोठ्याने म्हणे. दुसऱ्या आठवड्यात धडे थांबले. एका म्हाताऱ्याला त्याने त्याच्या वाडीच्या दोन वळणे पुढे नेऊन सोडले. माझ्या हँडलवर त्याचे हात असत, पण पकड मधेच सैल होई आणि पुन्हा आवळे. ते फक्त मला कळत होते. माझा जीव टांगणीला लागे.

पुढे त्याला मोबाइलचा गजरही ऐकू येईना. मग त्याने नवी युक्ती काढली. आमच्याकडे रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही. नाक्यावर मला उभी करून तो हँडलवर डोके टेकी आणि म्हणे, “भरली की उठवा.”

बाजाराचा दिवस होता. मी पाच मिनिटांत भरले. पुढे प्रशांतच्या शेजारी भाजीवाली मैना बसली. मागे सरू होती, मांडीवर तापाने फणफणलेले पोर. तिला मुरबाडला डॉक्टरकडे जायचे होते.

“उठवू नका रे,” मैना म्हणाली. “रातपाळीचा माणूस हाय. पडू द्या जरा.”

झोपलेल्याला उठवणे आमच्याकडे सगळ्यांच्याच जिवावर येते. नऊ माणसे गप्प बसली. सरूने दोनदा तोंड उघडले आणि दोनदा मिटले. पाऊण तास गेला. मला वाटत होते, कुणीतरी त्याला हलवा, खाली उतरवा, घरी पाठवा.

अखेर पोर रडले आणि प्रशांत दचकून उठला.

“भरली?”

“भरली. तोंडावर पाणी मार आधी,” मैना म्हणाली.

“टाइम झाला, मावशी.” त्याने मला सुरू केले.

उतारावर त्याचे हात ढिले पडले. या वेळी ते आवळलेच नाहीत. मी डावीकडे झुकले. पुढे ओढ्यावरची मोरी होती आणि मोरीखाली दगड.

“परशा!” मैनाने हँडल ओढले. मोरी हुकली. मी बांधावरून उडी मारून कापलेल्या शेतात रुतले. वांगी चहूकडे सांडली. पोराचा आवाज नव्हता. सगळे सरूकडे बघू लागले.

मग पोराने टाहो फोडला.

“रडतोय गो! रडतोय माझा!” सरू हसतही होती, रडतही होती.

“मी जागाच व्हतो,” प्रशांत पुटपुटला.

“डोळे उघडे व्हते तुझे,” मैना म्हणाली. “जागा नव्हतास.” तिने माझी चावी काढून कमरेला खोचली. “झोप आता. त्याबिगर चावी मिळायची नाय.”

सरूला दुसऱ्या गाडीने पुढे नेले. प्रशांत पेंढ्यावर आडवा झाला आणि दिवस मावळेपर्यंत उठला नाही. मैना बाजार बुडवून त्याच्याजवळ बसून राहिली.

त्याने रातपाळी सोडली, त्याबरोबर कायम होण्याची आशाही गेली. बारावी मात्र तो पुढच्या वर्षी झाला. आता दुसरी रिक्षा चालवतो. दुपारच्या फेऱ्या वंदना करते. मुकेश एकदा जेवता जेवता ताटावरच झोपला, तेव्हा त्यानेही तो नाद सोडला. सरूचे पोर अंगणवाडीत जाते. जानकीबाई गेल्या उन्हाळ्यात गेली. मैना अजून वांगी विकते आणि रिक्षात बसण्याआधी प्रत्येक चालकाच्या डोळ्यांत बघते.

मी गोठ्यामागे उभी आहे. कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. त्याचे मला दुःख नाही.

मित्रांनो, पेंगणाऱ्या माणसाच्या हाती गाडी दिसली, तर दया येऊन गप्प बसू नका. मला त्या दिवशी बोलता येत नव्हते. माझ्यात बसलेल्या नऊ जणांना येत होते.