बोटांत मुरलेलं तेल

मी कोट शिवते. मशीन कुणीही चालवील, पण चांगल्या कोटाचं काज हातानेच करावं लागतं, आणि दोन वर्षांपूर्वी माझी बोटंच आखडायला लागली. सुई धरली की डोळ्यांत पाणी. काज सोडायचं म्हणजे माझ्या लेखी धंदाच सोडायचा.

पुलापलीकडे, म्हणजे दुसऱ्या सरकारच्या हद्दीत राहणाऱ्या बहिणीने उपाय काढला: गांजाच्या पाल्याचं तेल. तिथे ते औषधाच्या दुकानात दंतमंजनाशेजारी मिळतं. आमच्याकडे तीच बाटली सापडली तर तुरुंग. नदी एकच, कायदे दोन. आणि आमच्याच इमारतीत तळमजल्यावर दारूचं दुकान, सरकारी परवाना काचेत लावलेला. तिथून माणसं भिंत धरत बाहेर पडतात, त्यांना कोणी हटकत नाही.

"अस्तरात शिवून आण," नवरा म्हणाला.

"मी का चोरासारखं वागू? तेल इकडे येत नाही ना? मग काम तिकडे जाईल."

तेव्हापासून दर मंगळवारी मी कोटांचं गाठोडं घेऊन बहिणीकडे जाते. ती तेल चोळून देते, अर्ध्या तासात बोटं मोकळी होतात, आणि जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत मी संध्याकाळपर्यंत वीसेक काजं उरकते. खरं सांगते, इतकं सुख मला तरुणपणीही नव्हतं.

गेल्या मंगळवारी परतताना पुलाच्या नाक्यावर हवालदाराने अडवलं. नवा होता, तरणाताठा. त्याने गाठोडं उपसलं, पिशवी उलटी केली, मग नाक पुढे करून हुंगलं.

"वास येतोय, काकू. बाटली कुठाय?"

"बहिणीच्या कपाटात."

"मग हा वास?"

"बोटांत मुरलंय. काढून घेता येत असेल तर घ्या."

तोंडाने बोलले खरी, पण मनात एकच होतं: मंगळवार बंद झाला की माझी बोटं गेलीच. त्याने नियमांचं पुस्तक काढलं. त्यात पाला होता, पुड्या होत्या, बाटल्या होत्या. बोटं कुठेच नव्हती. बराच वेळ चाळून त्याने ते मिटलं आणि कोटांच्या घड्या स्वतःच घातल्या, अगदी वाईट.

"काकू," तो हळूच म्हणाला, "माझ्या आईचे गुडघे धरलेत. जिना उतरवत नाही तिला. पुढच्या मंगळवारी न्याल सोबत?"

"सकाळी आठला," मी म्हटलं. "आणि सुई धरता येते का, विचारून ठेवा. माझ्यासमोर रिकामं बसलेलं मला चालत नाही."