तात्पुरती सोय

बेव्हर्ली ओल्डरॉइडने भाड्याचं घर सोडलं ते ओव्हन घासून. अकरा वर्षांची चरबी काढायला तिला दोन दिवस लागले. मग किल्ल्या पाकिटात घातल्या, सोबत फुलांचं चित्र असलेलं आभाराचं कार्ड ठेवलं आणि ते पाकीट घरमालकिणीच्या मुलाच्या हातात दिलं. मालकीणबाई थकल्या होत्या, शुश्रूषागृहात गेल्या होत्या, घर विकायचं होतं. नोटिशीवर अठरा मार्च ही तारीख होती. बेव्हर्ली सतरालाच बाहेर पडली, कारण आपल्यापायी कुणाला ताटकळावं लागू नये. कुणी तिच्या पायावर पाय दिला तर सॉरी हीच म्हणायची, अशातली ती बाई.

सोबत नेव्हिल होता, तिचा धाकटा भाऊ. वय बावन्न, समज आठ-नऊ वर्षांची. आई गेल्यापासून एकोणीस वर्षं तो बहिणीपाशीच होता. दोघं आपापली सुटकेस घेऊन थेट हॅव्हर्सबी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, बेघरांची सोय बघणाऱ्या घरविभागात गेली. नेव्हिलने कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली होती.

काउंटरवर क्लोई नावाची तरुण अधिकारी होती.

"बेलीफ कधी आले होते?" तिने विचारलं.

"बेलीफ? छे, तशी वेळच आणली नाही मी. एक दिवस आधीच घर रिकामं केलं. ओव्हनसुद्धा घासला."

"म्हणजे तुम्ही आपणहून निघालात."

"नोटीस होती की."

"नुसत्या नोटिशीने कुणी बेघर होत नाही, बेव्हर्ली. कोर्टाचा हुकूम होतो, बेलीफ येतात, सामान बाहेर काढतात, मग तुम्ही बेघर. तोवर घरातच बसायचं असतं."

"मग आता परत जाऊन बसू का?"

"किल्ल्या आहेत?"

किल्ल्या आभाराच्या कार्डासोबत गेल्या होत्या. क्लोईने नेव्हिलकडे पाहून गोड हसत विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात, नेव्हिल?"

ऑफिसातल्या माणसांनी काही विचारलं तर काय म्हणायचं, हे बेव्हर्लीने त्याला घोटून घोटून शिकवलं होतं. तो ताठ उभा राहिला. "सगळं छान आहे, आभारी आहे."

क्लोईने ते लिहून घेतलं.

बेव्हर्लीचा अर्ज घेतलाच नाही. जाणूनबुजून घर सोडणाऱ्याला कौन्सिल घर देत नाही म्हणे. नेव्हिलला मात्र रस्त्यावर सोडता येत नव्हतं. दोन बस बदलून जायच्या अंतरावर, मार्शबरोच्या एका आधारगृहात त्याला खोली निघाली. "तात्पुरती सोय आहे," क्लोई म्हणाली, "तुमचं घराचं झालं की घेऊन जा." तिने एक फॉर्म पुढे सरकवला. बारीक अक्षरांची तीन पानं होती. बेव्हर्लीने मागे वळून पाहिलं, तर रांगेत सहा माणसं उभी. त्यांना खोळंबून ठेवून वाचत बसणं तिच्याच्याने होईना. तिने सही केली आणि खाली 'खूप आभार' असंही लिहिलं.

ती स्वतः शमीमच्या सोफ्यावर झोपू लागली. शमीम शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्याबरोबर काम करायची, आणि बेव्हर्लीकडे जितकी नव्हती तितकी जीभ एकट्या शमीमकडे होती.

दर रविवारी बेव्हर्ली मार्शबरोला जायची. नेव्हिल दाराशीच बसलेला असायचा, कोट घालून, सुटकेस मांडीवर घेऊन.

"झालं?"

"नाही रे. थोडं थांब."

"बरं," म्हणून तो सुटकेस खाली ठेवायचा. परतीच्या बसमध्ये तिला रडू यायचं, आणि शेजारच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसायची.

"अगं बये," शमीम एकदा बटाटे सोलता सोलता म्हणाली, "तू अशीच गप्प बसलीस ना, तर त्या ऑफिसात तुझा पुतळा उभारतील. आदर्श अर्जदार म्हणून. तक्रार कर."

"त्या पोरीची नोकरी गेली म्हणजे?"

"तुझं घर गेलं, भाऊ गेला, आणि तू तिच्या नोकरीची काळजी कर. शहाणीच आहेस."

तक्रार शमीमने सांगितली आणि बेव्हर्लीने लिहिली. 'लाज वाटायला हवी' हे खोडून तिने 'थोडी गैरसोय झाली' असं केलं. उत्तर दहा दिवसांत यायचं होतं, आलं सात आठवड्यांनी: सगळं नियमानुसार झालं आहे. दुसऱ्या पायरीची तक्रार केली. त्याचंही तेच उत्तर, फक्त सही मोठ्या साहेबाची. मग प्रकरण कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे गेलं. हिवाळा गेला, पुन्हा उन्हाळा येऊन ठेपला. नेव्हिलच्या कोटाचं एक बटण तुटलं, ते बेव्हर्लीने शिवून दिलं.

पंधराव्या महिन्यात निकाल आला. चूक कौन्सिलची होती. बेलीफ येईपर्यंत थांबायला सांगणंच चुकीचं होतं, अर्ज घ्यायलाच हवा होता. कौन्सिलने माफी मागावी आणि अर्जाचा नव्याने विचार करावा. शमीमने शाळेच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना समोसे वाटले. त्या रविवारी बेव्हर्लीने नेव्हिलला सांगितलं, "पुढच्या वेळी न्यायलाच येते."

बुधवारी ती काउंटरवर गेली. क्लोई तिथेच होती.

"तुमची तक्रार मान्य झाली. आम्ही मनापासून दिलगीर आहोत."

"मग दोन खोल्यांचं घर—"

"एका माणसाला?"

"मी आणि नेव्हिल."

क्लोईने कॉम्प्युटरचा स्क्रीन तिच्याकडे वळवला. "नेव्हिल यांचा निवास स्वतंत्र आहे, सव्वा वर्ष झालं. ही तुमची सही. खाली आभारही मानलेत तुम्ही. नव्याने विचार आजच्या परिस्थितीवर होतो, बेव्हर्ली. आज तुम्ही एकट्या, तब्येतीने ठीक, कामावर जाणाऱ्या. प्राधान्यात बसत नाही."

"तो तिथे तुमच्यामुळे आहे. तात्पुरती सोय म्हणाला होतात तुम्ही."

"तशी नोंद नाही."

"मी पुन्हा तक्रार करीन." बेव्हर्लीचा आवाज चढला होता. मागच्या रांगेतल्या बाईने मान खाली घातली.

"जरूर करा. पहिल्या पायरीपासून करावी लागेल. आणखी काही मदत करू?"

"नाही, आभारी आहे," बेव्हर्लीचं तोंड बोलून गेलं. बसथांब्यावर पोचेपर्यंत ती त्या तोंडाला शिव्या घालत होती, आणि त्या शिव्या तिला शमीमकडूनच ठाऊक झाल्या होत्या.

रविवारी आधारगृहाच्या दाराशी खुर्ची रिकामी होती. नेव्हिल आत टीव्हीसमोर बसला होता, पायात सपाता. कोट खुंटीला होता आणि खुंटीवर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

"कोट नाही घातलास?"

"इथल्या बाई म्हणाल्या, रोज रोज नको घालू. त्यांनी खुंटी दिली."

ती त्याच्यासमोर खाली बसली. "नेव्हिल, मला घर नाही मिळालं रे. मी तुला नाही नेऊ शकत. पुन्हा अर्ज करते, पण... तू कसा आहेस?"

नेव्हिलने तिच्याकडे पाहिलं. मग तो उठून ताठ उभा राहिला, काउंटरसमोर राहिला होता तसा.

"सगळं छान आहे," तो म्हणाला, "आभारी आहे."