चाळीस टक्क्यांचा इशारा

स्कॅन सेंटरमध्ये त्याला सगळे मामाच म्हणत. सेंटरच्या मालकीण असलेल्या डॉक्टरीणबाईंची मुलगी त्याला मामा म्हणायची, तिचं ऐकून रिसेप्शनवरच्या मुली म्हणायला लागल्या, मग वॉचमनही. एकाही धंद्यात धड न टिकलेल्या या धाकट्या भावाला बाईंनी व्यवस्थापक करून टाकलं होतं. टाय मात्र तो छान बांधायचा.

स्कॅनची चित्रं साठवणारा सर्व्हर एकदा भर दुपारी बंद पडला, तेव्हा बाईंनी सर्व्हरवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायला सांगितलं. ते यायच्या आधीच मामानं भिंतीवर भलामोठा टीव्ही लावून घेतला. सर्व्हरचे आलेख कुठेतरी दिसायला हवेत ना!

काम होतं सर्व्हरवालीकडे, म्हणजे सेंटरचे सगळे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या इंजिनिअरकडे. तिन्ही लिनक्स सर्व्हरवर तिनं सॉफ्टवेअर चढवलं. डिस्क किती भरली की इशारा द्यायचा आणि तो कुणाला पाठवायचा, हे ठरवणारी फाइल उघडली, तसा मामा खुर्ची ओढून शेजारी बसला.

"मॅडम, चाळीस टक्के लिहा."

"डिस्क आत्ताच बासष्ट टक्के भरलीय."

"बघा! म्हणजे आत्ताच कळायला हवं होतं. आणि सगळ्यांच्या फोनवर जाऊ द्या. सगळ्यांची जबाबदारी आहे."

ज्याला डिस्क आणि सीडीतला फरक सांगता येत नाही, त्यानं जबाबदारी शिकवावी! ती उठून बाईंकडे गेली. बाई एका रिपोर्टवर सही करत होत्या.

"तो म्हणतोय तसं करून टाक ना," त्या मान वर न करता म्हणाल्या. "एवढंसं तर आहे."

वाद घालण्याइतकीही किंमत तिला त्या दोघा भावंडांना द्यावीशी वाटेना. घ्या म्हणावं. तिनं चाळीस लिहिलं. रिसेप्शनच्या दोघी, स्कॅन काढणारा टेक्निशियन, वॉचमन, बाई, मामा, ती स्वतः, सगळ्यांचे नंबर घातले. फाइल सेव्ह केली, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं, आणि सेंटरभर फोन किणकिणायला लागले. तेव्हा तिला फार बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत एकेकानं, तिनंसुद्धा, कंटाळून आपल्या फोनवरचे इशारे मुके करून टाकले. स्वतः मामानं तर पहिल्या तासातच आवाज बंद केला होता. फक्त वॉचमन प्रत्येक मेसेजला इमानेइतबारे उत्तर द्यायचा, "पाहिलं." ते उत्तर कुणाकडेच पोचत नव्हतं, हे त्याला सांगावं असं कुणाला वाटलं नाही. "बघा, सगळ्यांत जबाबदार माणूस!" मामा म्हणायचा.

"मामानं आपल्यालाच मामा बनवलंय," रिसेप्शनवरची थोरली पुटपुटली.

पुढे एका सकाळी डिस्क खरोखरच गच्च भरली. कंबरेचं हाड मोडलेल्या एक आजी मशीनमध्ये होत्या. हलायचं नाही म्हणून दात आवळून पडून राहिल्या होत्या. स्कॅन संपला आणि टेक्निशियन ओरडला, "चित्रं सेव्हच झाली नाहीत!"

सर्व्हरवाली धावत आली. टेक्निशियन आजींना सांगत होता, "आजी, परत एकदा करावं लागेल हं."

"परत?" आजी म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

सर्व्हरवालीनं जुनी चित्रं दुसऱ्या डिस्कवर हलवून जागा केली. बोटं सवयीनं चालत होती, पण त्या मिटलेल्या डोळ्यांकडे तिला बघवेना.

बाईंनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"सॉफ्टवेअरनं कळवलंच नाही, ताई," मामानं सुरुवात केली.

वॉचमननं भाबडेपणानं फोन पुढे केला. "कळवलं की. मी उत्तरही दिलंय."

मामाचे डोळे चमकले. "म्हणजे यानं पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही! याचीच चूक." आणि बाईंनी चक्क होकारार्थी मान डोलावली.

"त्याची कशी चूक?" सर्व्हरवाली म्हणाली. "आकडा यांचा, हात माझा. हे चुकतंय हे मला माहीत होतं. तरी लिहिलं, कारण यांच्याशी बोलायचा मला कंटाळा आला होता."

"ऐकलंस ना, ताई? कबूल करतेय!" मामा खुशीत आला.

बाई तिच्याकडे वळल्या. "आजच्या आज नीट कर," त्या म्हणाल्या.

बाहेर आजींचे यजमान बाकावर बसले होते. दुसरा स्कॅन नीट झाल्याचं कळताच ते उठले आणि टायकडे बघून त्यांनी मामालाच हात जोडले. मामानं तो नमस्कार हक्कानं घेतला.

तिनं फाइल पुन्हा उघडली. ऐंशी टक्क्यांना सूचना, नव्वदला इशारा. नंबर दोनच ठेवले, स्वतःचा आणि बाईंचा. वॉचमनला जाऊन सांगितलं, आता उत्तरं द्यायची गरज नाही. तो जरा हिरमुसला. मामाला आपला नंबर गेल्याचं कधी कळलंच नाही. आपण सर्व्हरवालीला झापल्यामुळे सगळं शांत झालं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला टीव्हीपुढे उभा राहून सांगत असे.

महिनाभरानं तिच्या फोनवर सूचना आली. ती डिस्क बघायला बसते न बसते तोच बाईंचा फोन.

"अगं, हे काय आलंय माझ्या फोनवर? मी काय करायचं याचं?"

"वाचा," ती म्हणाली, आणि कामाला लागली.