शेंदूर लावलेली फळी

वैशाखातली प्राणहिता नदी अंग चोरून वाहत होती. घाटावर मात्र माणसांचा पूर लोटला होता. कडेवर पोरं, डोक्यावर पदर, हातात रिकाम्या बाटल्या. मधोमध जलतारक महाराज उभे. आपण हिमालयातून आलो असं ते सांगत. त्यांच्या मोटारसायकलीची पाटी एमएच चौतीस, म्हणजे शेजारचाच जिल्हा, सांगत होती, पण चमत्काराच्या दिवशी पाटी कोण वाचतं?

महाराजांच्या पायाशी दोन फळ्या पडल्या होत्या. चाळीस दिवसांपूर्वी त्यांनीच आणल्या होत्या आणि वारुळाशेजारी ओल्या मातीत अर्ध्याअर्ध्या पुरल्या होत्या. एकीला गावचं नेहमीचं टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. दुसरीला महाराजांचं ‘जलबंधन तेल’ आणि वरून शेंदूर. आज दोन्ही उपटल्या. टोरीवाली हातात घेताच भुसभुशीत होऊन गळाली. वाळवीनं, गावच्या भाषेत उधईनं, आतून पोखरून टाकली होती. शेंदूरवाली नव्या नवरीसारखी शाबूत.

“पाहा!” महाराज गरजले. “एक थेंब तेलाचा, पहारा सात पिढ्यांचा! नाव बुडणार नाही, उधई शिवणार नाही, नवरा पिणार नाही!”

“नवऱ्याले आतून लावाचं का बाहेरून?” गर्दीतल्या बुधरीनं विचारलं, आणि अख्खा घाट हसला. हसता हसता बाटल्या मात्र पुढे सरकल्या.

सगळ्यात पुढे लच्छू होता. गावची एकुलती नाव त्याची. पावसाळा लागायच्या आत नावेचं बूड खरवडून त्याला नवं तेल पाजायचं होतं. त्याची काकी रुखमाबाई मागे, नावेच्या काठाला टेकून उभी होती. तिला ना बाटली भरायची होती, ना पुण्य. तिला एकच दिसत होतं: शाळा उघडली की लच्छूची लेक दिव्यानी आणि गावातल्या अकरा पोरी याच नावेनं पलीकडे जाणार, आणि तोवर नदीला पाणी चढलेलं असणार.

“लच्छू, जलालभाऊले विचारलं का?”

“काऊन विचारू? पाह्यलं ना तू, त्याइचं टोरीचं तेल कसं निंगालं ते!”

जलालुद्दीन मिस्त्री बाजूलाच खाली मान घालून बसले होते. चाळीस वर्षं गावच्या नावा त्यांनीच सांधल्या, त्यांनीच तेल पाजलं. एका फळीनं आज त्यांचं तोंड बंद केलं होतं. “मले बी समजून नाई राह्यलं, रुखमाबाई,” ते पुटपुटले. “वास तं म्या घेतला. देवाचाच वास येते.”

गोम तिथंच होती. या गावात लाकडाची जात नाकानं ओळखतात. फळी उचलली की नाकाला लावायची आणि सांगायचं, हा साग, हा ऐन, ही सालई. डोळे फसतील, नाक फसणार नाही, असा इथला मोठा तोरा. आज सगळ्यांनी शेंदूरवाली फळी हुंगली होती, आणि तेलातल्या केवडा नि कापूर यांच्या दरवळापुढे सगळी नाकं हात जोडून उभी राहिली होती.

रुखमाबाईचं नाक मात्र कुणापुढे हात जोडत नव्हतं. आठ वर्षांपूर्वीच्या मोठ्या तापात तिला वास येणं गेलं ते गेलंच. तेव्हापासून ती लाकूड बोटाच्या पेरानं ठोकून ओळखायची.

ती गर्दीतून वाट काढत गेली आणि शेंदूरवाल्या फळीवर तिनं टकटक केलं. टण्ण. पुन्हा टकटक. टण्ण. हा आवाज हलक्या लाकडाचा नव्हता.

“माते, दूर! नदी कोपेल!”

“कोपू दे. आमची रोजची बोलचाल हाये तिची नं माही.” ती वळली. “जलालभाऊ, रंधा द्या.”

जलालुद्दीन चपापले. शेंदराला लोखंड लावायचं? तरी त्यांनी रंधा पुढे केला. रुखमाबाईनं पदर खोचला, फळीवर गुडघा रोवला आणि रंधा सरकवला. शेंदूर गेला, तेल गेलं, आणि लाकडाच्या सालपटाची सोनेरी चकली उलगडत वाळूवर पडली. मिस्त्रींनी ती उचलून नाकाला लावली. त्यांचे डोळे विस्फारले.

“हा तं साग हाये! सागाचा गाभा! याले तेल नसतं लावलं तरी उधईनं दात पाडून घेतले असते!” त्यांनी झडप घालून दुसऱ्या फळीचा तुकडा मोडला, आतलं लाकूड हुंगलं. “अन् ही सालई! हिले तं उधई लाडूसारखी खाते!”

महाराज क्षणभर गडबडले, पण बुवा तो बुवा. “होय!” त्यांनी हात वर केले. “दोन्ही सालईच होत्या. तेलाच्या प्रतापानं सालईचा साग झाला!”

गर्दी पुन्हा डुलली. लच्छूनं तर हातसुद्धा जोडले.

“अरे वा!” रुखमाबाई म्हणाली. “मंग सांभाळा, महाराज. इतका साग बाळगाचा तं वनखात्याचा परवाना लागते. हाये का?”

हशा उसळला. तेवढ्यात तिनं महाराजांची बाटली उचलली, बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं. वास गेला तरी तिची जीभ खारट-तिखट विसरली नव्हती.

“मीठ लागते. मिरची झोंबते.” तिनं बाटली उन्हात धरली. तळाशी बेसनाचा करपलेला कण डोलत होता. “बुधरी, पाह्य वं. हिमालयात भजे तळतात वाट्टे!”

आणि तिला राहवेना. जात्यावर म्हणावी तशी ओवी तिनं भर घाटावर म्हटली:

“सागाला ग साज दिला, शेंदराचा लेप केला,
सालईच्या कपाळाला, बुवा, दोष काऊन दिला?”

बायकांनी दुसरी ओळ उचलून धरली. ती तिसऱ्यांदा म्हणून होईतो मोटारसायकल सुरू झाली होती.

लच्छूचा चेहरा उतरला. “म्हणजे टोरीचंच लावू ना, काकी?”

“कोनं सांगतलं? बुवा खोटा निंगाला म्हून टोरी खरी झाली का?”

त्याच दुपारी तिनं जलालुद्दीनकडून सालईची एकच फळी घेतली आणि तिचे चार तुकडे केले. एक कोरा. एकाला बुवाचं तेल. एकाला टोरीचं. एकाला टोरीत बिब्ब्याचं तेल मिसळून. चारही त्याच वारुळाशेजारी, सारखेच खोल पुरले. पंधरा दिवस नावेला कुणी हात लावायचा नाही, असं तिनं लच्छूला बजावलं.

सोळाव्या दिवशी तुकडे उपटले. कोरा खाऊन फस्त. बुवाच्या तेलाचा त्याहून वाईट. त्याला वाळवीबरोबर मुंग्यांची पंगतही बसलेली. टोरीवाल्याच्या कडा कुरतडलेल्या होत्या. मिस्त्रींनी मान हलवली. चाळीस वर्षं त्यांनी हेच तेल लावलं होतं. बिब्बेवाल्याला ओरखडा नव्हता.

“आजवर दोन तेलं शेजारी ठेवून म्या कधी पाह्यलीच नाई,” ते म्हणाले. “बाप लावे, म्हून मी लावो.”

नावेला टोरी-बिब्ब्याचे तीन हात बसले. जूनमध्ये शाळा उघडली. नदी गढूळ, फुगलेली. दिव्यानी आणि तिच्या मैत्रिणी दप्तरं उराशी धरून नावेत बसल्या.

“आता काई भेव नाई,” लच्छू वल्हं उचलत म्हणाला. “काकीचं तेल हाये!”

“थांब!” रुखमाबाई गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिनं नावेचा काठ धरला. “तेल काकीचं नाई अन् बुवाचंबी नाई. बुवा लबाड होता, पन आपन त्याले येक सवालबी नाई केला: दोन्ही फळ्या येकाच झाडाच्या हायेत का? तेवढं विचारलं असतं, तं येक बाटली भरली नसती. कोनी चमत्कार दाखवला तं हात जोडाच्या आंधी विचाराचं. मले बी.”

“तुले बी, काकी?”

“मले बी. पंधरा दिवस टिकलं म्हून चार महिने टिकन, हे मले कुठी मालूम हाये? रोज सकाळी बुडावर हात फिरवून पाह्य. ओल लागली तं पोरी बसवू नको.”

लच्छूनं वल्हं खाली ठेवलं. बारा पोरींना उतरायला सांगितलं. मग वाकून, एकेक सांधा चाचपत, तो बुडावरून हात फिरवू लागला.