ताईच्या कळा, माझं भाषण

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आल्यापासून मला कुठंही उभं करा, मी बोलायचे. शेजारच्या काकूंच्या गच्चीवर, रिक्षात, वाढदिवसाला, कुठंही. मोनिकाताईच्या डोहाळजेवणाला तर फुलंब्रीहून तिच्या सासरची गाडीभर माणसं आमच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत येऊन बसली होती. तिच्या सासूबाई, मुक्ताबाई, म्हणाल्या, "अमृता, बोल की गं दोन शब्द. बक्षीसवाली तू!"

मला तेवढं पुरे.

विषय तयारच होता. दाजींची वाळूजच्या कंपनीत ड्युटी, म्हणून दर शनिवारी दवाखान्यातल्या गरोदर बायांच्या वर्गाला ताईसोबत मीच जायचे. तिथल्या मॅडम शिकवायच्या, की कळ आली की नाकानं श्वास घ्या, तोंडानं फुंकर घातल्यासारखा लांब सोडा. पडून राहू नका, चाला. मोठ्या चेंडूवर बसून कंबर गोल फिरवा. कोमट पाण्यानं अंघोळ करा. पाठीत कळा येत असतील तर सोबतच्या माणसानं माकडहाडाच्या वर तळव्यानं जोरात दाबून धरायचं. मी हे सगळं रंगीत पेनांनी वहीत उतरवलं. शहागंजातून गरम पाण्याची रबरी पिशवी आणली. उशीवर दाबायची प्रॅक्टिस केली! मॅडम आणखी एक सांगायच्या, की ही काही परीक्षा नाही, एवढ्यानं भागलं नाही तर पाठीतलं इंजेक्शन असतं, खुशाल मागा. ते मी लिहून घेतलं नाही. भाषणात ते वाक्य पडेल, असं मला वाटलं.

तर मी उभी राहिले. सगळ्या बायकांना फुंकर मारायला लावली. साठीच्या आज्या फू फू करत हसून बेजार. आणि शेवटी मूठ वर करून मी म्हटलं, "माझी ताई एकही इंजेक्शन न घेता बाळंत होऊन दाखवणार!"

टाळ्याच टाळ्या. मुक्ताबाईंनी मोबाइलवर शूटिंग केलं आणि फुलंब्रीत गल्लीभर दाखवलं. ताई हसली होती का, ते मी पाहिलं नाही. मी टाळ्यांकडं बघत होते.

कळा सुरू झाल्या एका मंगळवारी सकाळी सहाला. दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत एकच बाई सोबत चालते. आईला बीपीचा त्रास, रक्त बघितलं की चक्कर येते. ताई म्हणाली, "अमूला येऊ द्या." सिस्टरनं माझ्याकडं बघून नाक मुरडलं, पण वर्गाच्या मॅडमनी सांगितलं, हिला सगळं येतं.

आणि येत होतंच. खरं सांगते, दुपारपर्यंत सगळं जमलं. आम्ही पॅसेजमधून चाललो, कळ आली की ताई भिंतीला हात लावून वाकायची आणि मी दाबायचे. "अजून खाली. हां, तिथंच. सोडू नको, अमू." माझी मनगटं भरून आली, तरी मी नुसती फुलले होते.

दोनच्या सुमाराला कळा अंगावर यायला लागल्या. ताईनं माझा हात झटकला. पिशवी फेकून दिली. डॉक्टरबाईंना म्हणाली, "बास. मला ते इंजेक्शन द्या."

डॉक्टरबाईंनी तपासलं. "देता येईल. अजून वेळ आहे बाळंत व्हायला. भूलवाल्या डॉक्टरांना बाहेरून बोलवावं लागेल. आधी घरच्यांची सही आणा."

मी कागद घेऊन बाहेर गेले. मुक्ताबाईंनी त्याला हातसुद्धा लावला नाही.

"काहून? तूच बोलली ना समद्यांदेखत?"

"लई दुखतंय म्हणते ती."

"दुखणारच की! कळा हायेत त्या, गुदगुल्या नायत. खाटंचा पाय धरून चार लेकरं काढली म्या."

आई हळूच म्हणाली, "पण ती मागतीय ना हो, विहीणबाई..."

"तुमचीच शिकलेली पोरगी आत हाय. तिलाच इचारा."

दाजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अमू, तू बघतीयस तिला. होईल का तिच्यानं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मोठी माणसं, माझ्या तोंडाकडं.

"होईल," मी म्हटलं.

घाईत निसटलं, असं नाही. मला तो व्हिडिओ आठवला, ती गल्ली आठवली. ताईनं इंजेक्शन घेतलं तर हरणार मीच होते. दाजींनी कागदाची घडी करून खिशात घातली.

आत गेले तर ताई दाराकडंच बघत होती. "केली सही?"

"ताई, थोडंच राहिलंय. नाकानं घे, तोंडानं सोड."

"अमू, तुझ्या पाया पडते गं."

मी तिच्या तोंडासमोर फुंकर मारून दाखवली.

थोडं राहिलं नव्हतं. पाच तास राहिले होते. पहिला तास ती ओरडली. नंतर तिनं चादरीचं टोक दातात धरलं आणि माझ्याकडं बघायचं सोडून दिलं. सिस्टर म्हणाली, "किती शहाणी पेशंट आहे!"

संध्याकाळी सातला मुलगी झाली, ठणठणीत. बाहेर मुक्ताबाईंनी माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. "हूं का चूं केलं नाय माझ्या सुनेनं! या पोरीची करामत!"

त्यानंतर तीन दिवस ताई माझ्याशी बोलली नाही. पाणी हवं असलं तरी माझ्याकडं न बघता आईला सांगायची. एकदा मी तिची पाठ चोळायला गेले, तर ती अख्खी पलीकडं सरकली.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टर अभिप्रायाचा फॉर्म घेऊन आली, आधीच भरलेला. ताईनं फक्त सही करायची. ताईनं वाचला. "वेदना औषधाविना कमी केल्या, रुग्णाच्या इच्छेने. हे कुणी लिहिलं?"

"आम्हीच भरतो हो, सगळ्यांचं."

"खोडा."

"असू द्या ना, मॅडम रागवतील."

"खोडा म्हणते ना!" सिस्टरनं रेघ मारली. ताईनं पेन तिच्या हातातून घेऊन माझ्यापुढं धरलं. "लिही. पेशंटनं इंजेक्शन मागितलं होतं. आणि नको म्हणणाऱ्यांची नावं लिही."

मुक्ताबाई आणि दाजी सामान गाडीत ठेवायला गेले होते. मी दोघांची नावं लिहिली आणि थांबले.

"ताई, मला वाटलं होतं की..."

"तुला काय वाटलं ते नको सांगू. दुखत मला होतं. लिही."

मी माझं पूर्ण नाव लिहिलं. ताईनं खाली सही केली आणि कागद सिस्टरला दिला. "ही चालते ना सही?"

सिस्टर कागद घेऊन निघून गेली. ताईनं बाळाला पदराखाली घेतलं आणि आईला म्हणाली, "तिला म्हणावं बाहेर बस."