दोन्ही बाजूंनी पॉलिश

मी एका ऑफिसातली झाडं सांभाळते. तीन मजले, बेचाळीस कुंड्या. एकदा फर्निचरचं पॉलिश उरलं होतं, ते फडक्यावर घेऊन रबराच्या झाडाची पानं पुसली, तर अशी झळकली की साहेब म्हणाले, "वा, बाई!" झालं! मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. दर आठवड्याला सगळ्या झाडांना पॉलिश. तेही वरवर नाही हं, पानाची खालची बाजूसुद्धा सोडली नाही. अर्धवट काम माझ्या रक्तातच नाही.

दोन महिन्यांत पानं पिवळी पडून गळायला लागली. साहेबांनी सांगून टाकलं, "सोमवारी प्लास्टिकची झाडं मागवतो." म्हणजे माझीही उचलबांगडी. मी एसीला शिव्या घातल्या, खताला घातल्या.

शुक्रवारी एक पान घरी नेलं. लेक अकरावीला, सायन्सला. तिने पान उलटं केलं, बोट फिरवलं, वास घेतला.

"आई, पानाला बारीक तोंडं असतात, डोळ्यांना न दिसणारी. त्यातून हवा आत-बाहेर होते. तू ती बुजवलीस गं!"

"कुठे असतात?"

"बहुतेक सगळी खालच्या बाजूला. नुसती वरून पुसली असतीस तर एवढं झालं नसतं."

मेलं ते माझं चोख काम! रडू आलं. पण रडून पानं धुतली जात नाहीत. शनिवार-रविवार साबणाचं पाणी आणि मऊ फडकं घेऊन बसले. एकेक पान तळहातावर धरून धुतलं. कंबरेचा पार खुळखुळा झाला, पण बेचाळिसावी कुंडी झाल्याशिवाय उठले नाही.

सोमवारी साहेब बघतच राहिले. "चमक कुठे गेली?"

"मीच काढली. चमकत होती तेव्हा गुदमरत होती साहेब, आणि ती चूकही माझीच. महिनाभर थांबा. नाही जगली तर कुंड्या मी उचलीन, आणि त्यांच्यामागून मीही जाईन."

साहेबांनी नमुन्याला आलेलं एक प्लास्टिकचं झाड तेवढं केबिनमध्ये ठेवून घेतलं. म्हणाले, "एक महिना. दिवस मोजतोय."

महिना झाला. पाच गेली, त्यांचं वाईट वाटतं. सदतीस जगली. मीही आहे.

केबिनमधल्या त्या झाडाला मात्र दर आठवड्याला पॉलिश करते. दोन्ही बाजूंनी.